ठोकर डावीकडे, तुटलं उजवीकडे

प्रिय धाकट्या,

पत्र तुझ्या नावाचं असलं तरी ते तुझ्या हातात द्यायचं नाही, असं मी तुझ्या बायकोला बजावलंय. तुझ्या हातात पडलं तर तू ते उशीखाली सरकवशील आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहशील, हे न कळायला मी काय तुला आज ओळखते? तेव्हा ती तुझ्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसणार आहे आणि मोठ्याने वाचणार आहे. फोन बंद करता येतो, तो तू केलासच. कान कसे बंद करतोस बघू. आणि वाचणारी ती आहे, म्हणून तिला कळेल असंच लिहितेय. तुला पाठ असलेल्या गोष्टी पुन्हा समजावून सांगितल्या तर आतून सुस्कारे सोडू नकोस.

आधी इकडची खबरबात. लेथवाल्या काकांना नवा चष्मा लागला. त्यामुळे वर्कशॉप किती घाण आहे हे त्यांना आत्ता दिसायला लागलंय आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडतायत, जणू इतकी वर्षं तिथे मी एकटीच नांदत होते. ऐकू मात्र पूर्वीइतकंच कमी येतं, त्यामुळे मी भांडायचा कितीही प्रयत्न केला तरी वाया जातो. मांजर तुझ्या खुर्चीवर व्यायली. तुझा तो कोपरावर फाटलेला स्वेटर तिने पिल्लांसाठी ओढून घेतला, आणि आता खुर्चीच्या जवळ गेलं की फिसकारते. मी तिला काही म्हणत नाही. खुर्ची रिकामी बघण्यापेक्षा ते बरं.

तुझं म्हणणं आता सगळ्यांना तोंडपाठ झालंय. दवाखान्यात शुद्धीवर आलास आणि पहिलं बोललास ते हेच, की माझा डोळा लागला असणार. तुला डोंगरउतारावरचं वळण आठवतं, आणि त्यानंतर एकदम नर्सबाई स्वतःचा हात धरून कण्हत बसलेल्या आठवतात. मधलं कोरं. मधलं आठवत नाही म्हणजे झोपच लागली असणार, असं तू ठरवून टाकलंस. डोक्याला मार लागला की असं मधलं पुसलं जातं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण ते तुझ्या डोक्यावरून गेलं. आरोग्य खात्याचे साहेब विचारपूस करायला आले, त्यांनाही तू हेच सांगून बसलास. माझ्यामुळे बाईंचा हात मोडला, आता मी स्टिअरिंगला हात लावणार नाही, तुम्ही दुसरा माणूस बघा. साहेबांनी बघितलाही. वरच्या वस्त्यांवर लस न्यायची पुढची फेरी तो नवा ड्रायव्हर नेणार, असं तेव्हा ठरलं. चांगला आहे म्हणे मुलगा, फक्त घाटात गाणी लावून सुसाट जातो. आणि तू मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसणार! अरे, तुला निळा आणि हिरवा यातला फरक लग्नातल्या शर्टापासून कळलेला नाही. गिऱ्हाइकं घरं रंगवून बसतील आणि मग तुला शोधत फिरतील.

गाडी क्रेनला लटकून आली, तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. खरं सांगते, मला बघवलं नाही. अपघाताचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ग्रीसची बंदूक होती, ती तशीच हातात धरून मी दवाखान्यात आले होते. दाराशी रखवालदाराने अडवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही बाई कोणावर तरी चालवायलाच आली आहे. मी त्याला काय बोलले ते तुझ्या बायकोला विचार, मला इथे लिहवत नाही. तू बेशुद्ध होतास. तुझ्या पायाचे अंगठे चादरीबाहेर आले होते, आणि मला काही सुचेना, म्हणून मी ती चादर ओढून ओढून पुन्हा पुन्हा नीट करत बसले. चादरीला ग्रीस लागलं म्हणून नंतर दवाखान्यातली नर्सही ओरडली. गाडीवर मी ताडपत्री टाकून ठेवली, आणि तू घरी आलास, जिने चढलास, वर जाऊन दार लावून घेतलंस, तेव्हाच ती काढली.

आता आपल्या बाबांचा नियम तुझ्या बायकोला सांगते, कारण तिने बाबांना कामाच्या कपड्यात फारसं पाहिलं नाही. त्यांचा शिरस्ता असा, की गाडी आली की आधी धुवायची, मग बघायची, आणि मोडलेला भाग टेबलावर आल्याशिवाय कोणीही तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक दारातूनच सांगत यायचं, की अमुक बिघडलंय, तमुक बदला. बाबा त्याच्या हातात चहाचा कप द्यायचे आणि पाण्याचा पाइप सुरू करायचे. निम्म्या गाड्यांचा आजार चिखलाखालून भलताच निघायचा. तू या नियमात वाढलास. लहानपणी पाइप कोणी धरायचा यावरून माझ्याशी मारामारी केलीस. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गाडी ओलीसुद्धा न करता निकाल देऊन मोकळा झालास. मला तुझा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर तो याचा.

तर मी धुतली. सगळ्यांचं लक्ष डावीकडे होतं, आणि ते साहजिकच आहे. डोंगराच्या बाजूच्या खडकाला ठोकर बसली ती डाव्या चाकाची. रिम चेपलेली, टायर मागे सरकून मडगार्डला टेकलेलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये जी जाड लोखंडी नळी असते आणि जिच्या पोटात चाकं फिरवणारे दांडे असतात, तो आपला अ‍ॅक्सल. त्याला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून लावली. उजव्या अंगाला दोरी नळीच्या रेषेत. डाव्या अंगाला मात्र, नळीच्या मध्ये गिअरचा जो गोळा असतो त्याच्या पुढे दोरी आणि नळी यांच्यात माझा अंगठा जाईल एवढी फट. म्हणजे नळी मागे वाकली. आतला दांडा ओढून काढला, तोही बाकदार. काकांनी तो लेथवर चढवून फिरवला आणि नव्या चष्म्याची काच पुसून मोठ्या ऐटीत सांगितलं, की वाकडा आहे. तो एवढा वाकडा होता की चष्मा काढूनही दिसला असता. दोन चाकांना एकत्र वळवणारा आडवा टाय रॉड कोयत्यासारखा झालेला. इथवर बघितलं तर तुझीच कहाणी खरी. गाडी भरकटली, खडकावर आदळली, माणूस पेंगत होता. काका तसं म्हणालेही. मी त्यांना ओरडून सांगितलं की उजवं चाक अजून धुवायचं आहे.

उजवं चाक, म्हणजे दरीच्या बाजूचं. ते पाय मुरगळल्यासारखं बाहेर कलंडून पडलेलं. क्रेनवाला म्हणाला होता की डावीकडे दणका बसला, तो नळीतून पार झाला आणि उजवीकडे जे कमजोर होतं ते तुटलं. असं होतंच नाही असं नाही, मी पाहिलंय. आता हे नीट वाच ग: चाक डावं-उजवं वळतं ते एका लोखंडी सांध्यावर. त्या सांध्याला वरून एक आणि खालून एक असे दोन जाड खिळे धरून ठेवतात, प्रत्येकाच्या डोक्याला गोळा, आणि तो गोळा गुडघ्यातल्यासारखा वाटीत बसलेला. त्याला आम्ही बॉल जॉइंट म्हणतो. उजवीकडचा खालचा जॉइंट मानेतून तुटला होता. दोन्ही तुकडे रॉकेलमध्ये टाकले, ब्रशने घासले, आणि दारात उजेडाला धरले. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळपट, गुळगुळीत, गंजाचे कोंब फुटलेला. एका कडेला उरलेला लहानसा भाग तेवढा मिठासारखा दाणेदार आणि चमकणारा. ताजं तुटलेलं लोखंड चमकतं, जुनी चीर काळी पडते, हे तुला सांगायला नको. तो जॉइंट कित्येक महिने आतल्या आत चिरत आला होता. वरची रबरी टोपी फाटली होती, ओढ्यातून जाताना पाणी शिरत होतं, आणि फाटलेली जागा चिखलाने अशी लिंपलेली की तुलाही दिसली नाही आणि मलाही नाही. त्याबद्दल बाबांच्या शिव्या आपण दोघांनी वाटून घ्यायच्या.

पण तेवढ्यावर मी तुला सोडलं नाही हं. तू माझा भाऊ आहेस म्हणून तुझ्या बाजूने माप झुकवायचं, हे मला जमणार नाही, आणि तसं मी केलं असतं तर तू पहिल्या वाक्यातच ओळखलं असतंस. अर्धा चिरलेला जॉइंट खडकाच्या दणक्यानेही तुटू शकतो. म्हणजे आधी खडक की आधी जॉइंट, हा प्रश्न शिल्लकच. मी टेबलाभोवती घिरट्या घालत बसले. काका घरी जाऊन जेवून आले तरी मी तिथेच. मग उजव्या चाकाची रिम उचलून बाजूला ठेवावी म्हणून हात घातला आणि हाताला कापलं. रिमची कड एका जागी घासून घासून सुरीसारखी धारदार झालेली, आणि टायरच्या बगलेत रस्त्याची बारीक खडी खोल रुतून बसलेली. मला आधी बोटाचंच पडलं होतं. चिंधी बांधली, आणि चिंधी बांधता बांधता डोक्यात प्रकाश पडला. गाडी खडकाशी जागच्या जागी थांबली, एक पाऊल पुढे गेली नाही, हे क्रेनवाला सांगतो, बाई सांगतात, तुझ्या कपाळावरचे टाके सांगतात. मग हे मुडपलेलं चाक रस्त्यावर एवढं घासलं कधी? खडकाच्या नंतर घासायला रस्ताच उरला नव्हता. ते आधीच घासलं. म्हणजे जॉइंट आधी तुटला, चाक आधी कलंडलं, आणि तशी ती गाडी फरफटत खडकापर्यंत आली.

आणि आता नीट कान देऊन ऐक, बिछान्यात उठून बस. दरीच्या बाजूचं चाक मोडून पडलं, तर गाडी कुठे ओढली जाते? दरीकडे. तिला त्या बाजूला जायला कोणाची मदत लागत नाही, ती आपोआप जाते. मग ती डोंगराकडच्या खडकावर कशी गेली? मी पुन्हा डावीकडे गेले. स्टिअरिंगचा दांडा तुझ्या गाडीत डाव्या चाकाला येतो, तेव्हा ते चाक शेवटपर्यंत तुझं ऐकत होतं. चाक किती वळावं याला हद्द म्हणून तिथे एक बोल्ट असतो. चाक पुरतं वळलं की लोखंड त्या बोल्टला टेकतं. तो बोल्ट मी धुतला. त्याचं डोकं चेपून पसरलेलं, आणि समोरच्या लोखंडात त्याच्याच मापाचा नवाकोरा खड्डा. दणका बसला त्या क्षणी चाक डोंगराच्या बाजूला शेवटच्या टोकापर्यंत वळवलेलं होतं. आणखी वळायला जागाच नव्हती. झोपलेला माणूस स्टिअरिंगवर कोसळतो रे, स्टिअरिंग तुटेस्तोवर एका बाजूला ओढत नाही. गाडी दरीत चालली होती आणि तू तिला सगळा जीव लावून खडकावर घातलीस. ज्या खडकासाठी तू स्वतःला शिक्षा देत बसला आहेस, तो तू निवडलास. मी तो बोल्ट घेऊन दारात बसले आणि ढसाढसा रडले. काकांना वाटलं डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, ते वाकून फुंकर मारायला आले. मारू दिली.

तरीही एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. बाईंना. मी त्यांच्या घरी गेले. हात गळ्यात बांधलेला, आणि एका हाताने कपडे वाळत घालत होत्या. त्यांना सगळ्यांनी हातच विचारला होता, बाकी काही कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, की पहिल्यांदा काय झालं? त्यांनी चिमटे तोंडातून काढले आणि सांगितलं. पायाखाली मोडक्या फांदीसारखा कडाड आवाज झाला. मग तू ओरडलास, की बाई, धरा. मग खरखर, खरखर, मग खडक. मी त्यांना हे तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा क्रम तोच. त्यांना इतके दिवस वाटत होतं की तू खडक बघून ओरडलास. तू झोपला होतास असं तू म्हणतोस हे कळल्यावर मात्र त्या खो खो हसल्या आणि मग हात दुखला म्हणून कळवळल्या. म्हणाल्या, तो जागा असतानाच इतका हळू चालवतो की उतरून चालत गेले तर आधी पोचेन, झोपला असता तर गाडी मागे गेली असती. वस्तीवरची पोरं तुला गोगलगाय म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आता तुझी चूक. हो, आहे. तुला वाटलं होतं ताई नुसतं गोंजारणार? ते हत्तीचे पाय! ते रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिमा. लशीच्या बाटल्या खडखडतात, बाईंची पाठ दुखते, रुंद टायरवर गाडी मऊ चालते, म्हणून तू ते आणलेस आणि मी कुरकुर करत बसवून दिले. चाक जितकं बाहेर, तितकं त्या खालच्या जॉइंटवर ओझं जास्त. त्यात डोंगरातला तो रस्ता दरीकडे उतरता, म्हणजे घाट उतरताना रोजचं वजन उजव्या चाकावरच. पाणी शिरलं आणि ओझं वाढलं, मग तो बिचारा जॉइंट करणार काय? ही चूक कोणी निष्काळजी माणूस करत नाही. ज्याला बाटल्यांची आणि दुसऱ्याच्या पाठीची फिकीर असते, तोच करतो. पण चूक ती चूक, आणि ती दुरुस्त करता येते. रुंद टायर मी काढून टाकले, मांजरीच्या पिल्लांना खेळायला झाले. जुने अरुंद परत बसवलेत. गाडी पूर्वीसारखी आदळणार. बाईंनी लशीच्या खोक्याखाली घालायला घरातून उशी आणली आहे, आणि पाठीचं माझं मी बघते म्हणाल्या.

बाकी काम काय काय केलं तेही सांगून टाकते. वाकलेली नळी तापवून सरळ करता आली असती, काकांचा तोच हट्ट होता. पण तापवलेलं लोखंड मऊ पडतं आणि पुढच्या दणक्याला आधी तिथेच वाकतं. तुझ्याखाली मी तसली नळी घालणार नाही. भंगारवाल्याकडे तुझ्याच गाडीची थोरली बहीण पडली होती, तिची नळी काढून आणली, दोरी लावून बघितली, सरळसोट. दोन्ही दांडे बदलले. टाय रॉड नवा. बॉल जॉइंट चारही नवे, तुटला होता एकच तरी. बेअरिंगं नवी, तेलाची सीलं नवी. चाकं हवेत उचलून वर-खाली धरून हलवली, बाजूंनी धरून हलवली, कुठे खुट्ट म्हणून वाजत नाही. टायरवर खडूने रेघ मारून दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजलं, पहिल्या झटक्यात जुळलं नाही, काकांशी दोनदा भांडण झाल्यावर जुळलं. आणि आता प्रत्येक फेरीनंतर चाकांच्या आतली बाजू धुवायची, हा नियम. पाइप तू धरायचा, मी भांडणार नाही.

साहेबांना मी वर्कशॉपमध्ये बोलावून घेतलं. आले बिचारे, बुटांना तेल लावून घेतलं, सगळं वाकून वाकून बघितलं. बोल्टचा खड्डा स्वतःच्या बोटाने चाचपला. मग म्हणाले की मला पटलं, पण झोप लागली हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, तेव्हा नुसतं तुमच्या सांगण्यावरून मी कसं फिरवू? त्यांचंही खरं आहे. शेवटी म्हणाले, पुढच्या फेरीला तो स्वतः गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात आला, तर मला दुसरं काही ऐकायचं नाही, नव्या मुलाला मी शहरातल्या कामावर घालतो. नाही आला, तर तो मुलगा जाईल आणि मग तोच जात राहील. ती फेरी उद्या आहे. डॉक्टरांनी तुला चालवायला केव्हाच मोकळं केलंय, ते कारण सांगू नकोस.

राहता राहिली टेस्ट. बाबांचा तोही नियम तुझ्या बायकोला सांगायला हवा. गाडी दुरुस्त झाली की पहिल्या फेरीला ती रोज चालवणारा चालवणार, आणि ज्याने नटबोल्ट आवळले तो शेजारच्या सीटवर बसणार. गिऱ्हाइकाला दुसरी कसली हमी ते देत नसत. बाबा असेपर्यंत ते बसायचे, नंतर मी. तुझ्या गाडीला मी क्लच टाकला तेव्हा बसले, ब्रेक केले तेव्हा बसले. तू हळूहळू चालवायचास आणि मी कान लावून आवाज ऐकायचे, आणि दोघंही बोलायचो नाही. मला आयुष्यातलं जे काही आवडतं त्यात त्या फेऱ्या आहेत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तसं सांगायचं कारणही नव्हतं. तुझ्याशिवाय ही गाडी मी टेस्टला कोणाच्या हातात देणार नाही.

एवढं काल लिहून ठेवलं होतं. हे पुढचं आत्ता, सकाळी, मांडीवर फळकुट ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. गाडी तुझ्या गल्लीत तुझ्या दाराशी उभी आहे. इथवर मी आणली. होय, मीच! जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या आणि वर्कशॉपच्या फाटकाबाहेर कधी चालवली नाही, ती मी. दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही, एका सायकलवाल्याने मला ओलांडताना काळजीने विचारलं की काही त्रास होतोय का. ही टेस्ट धरायची नाही, मी नुसती पोचवायला आले. बाई मागे बसल्यात, मांडीवर खोकं, खोक्याखाली उशी, आणि वस्तीवर आज पोरं टोचून घ्यायला रांगेत उभी असतील हे मला तिसऱ्यांदा ऐकवतायत. तुझी गल्ली मला वाटली त्यापेक्षा अरुंद निघाली. पुढे भिंत आहे, मागे पाण्याचा टँकर येऊन हॉर्न वाजवतोय, समोरचे आजोबा गॅलरीतून मला हातवारे करून सल्ले देतायत, आणि मला रिव्हर्स येत नाही हे तुला चांगलं माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहिलं रे, दुसरं काही नाही. तुझी बायको ही शेवटची पानं घ्यायला खाली येऊन उभी आहे. ग बाई, एवढं वाचलंस की थांब आणि गॅलरीत जाऊन त्याच्या खोलीची खिडकी बाहेरून ढकल. धाकट्या, खाली बघ. स्टिअरिंगमागची सीट मी सोडली आहे आणि सरकून शेजारी बसले आहे. किल्ली गाडीलाच आहे.

तुझीच,
शेजारच्या सीटवर अडकलेली
ताई